पालकसभेतला आवाज

मी शाळेत मराठी शिकवते आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची तयारीही करून घेते. आवाज कुठे चढवायचा, कुठे क्षणभर थांबायचं, हे सांगण्यात माझी वीस वर्षं गेली.

शनिवारी पालकसभेत सुमनताई बोलायला उठल्या. त्या मंडईत भाजी विकतात. त्यांची हाक पलीकडच्या गल्लीत ऐकू येते. पण हातात माइक आला आणि त्यांचा आवाज एकदम खोल गेला. "आदरणीय व्यासपीठ..." एवढं कसंबसं म्हणून त्या अडखळल्या. मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता खाली बसतील.

त्यांनी माइक टेबलावर ठेवला. मुख्याध्यापकांकडे बघत नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सर, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. माझी पोर शाळेत दिवसभर पाणी पीत नाही."

मग शेवटच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "माझीही नाही पीत."

सोमवारी कडी बसली. मला मात्र चैन पडेना. त्या मुली माझ्याच वर्गात बसतात. 'पर्यावरण', 'स्त्रीशक्ती' यांवरची माझी भाषणं त्यांनी हावभावांसकट पाठ केली होती. त्यांना स्वतःला काय सांगायचंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आज विचारलं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मी घाई केली नाही. अखेर खिडकीजवळची एक मुलगी उठली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, सांगितलं तर रागावणार नाही ना?"