दादाचा हजेरीपट आणि भोपाळचा तलाव

हल्ली भोपाळला निघालेले लोक मला विचारतात, काय काय पाहायचं? मी पहिल्यांदा गेलो तो काही पाहायला नव्हे. राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर माझा थोरला भाऊही गेला. वर्षभराने वहिनी एका लग्नाला नागपूरला आली, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, एकदा येऊन बघा. तब्येत सुधारून राहिली त्यांची, पण घरात बोलणंच बंद झालं." मी शाळामास्तर, त्यातून अविवाहित. दिवाळीची सुट्टी लागताच निघालो.

सकाळची गाडी, तिसरा वर्ग, बसायला स्वतःची पेटी. इटारसीला पुरीभाजी बरी मिळाली. पुढे नर्मदेचा पूल लागतो, त्यासाठी खिडकी धरून ठेवावी. संध्याकाळी भोपाळला उतरलो तर टांगेवाला खास भोपाळी ढंगात हाक देऊन म्हणाला, "को खां, आप भी नागपूर से? उधर कोई बचा भी है?" आठ आण्यांत त्याने नव्या वसाहतीतल्या क्वार्टरपर्यंत सोडलं. रस्ते अर्धेच झाले होते, त्यामुळे माझी कंबरही अर्धीच शिल्लक राहिली.

दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली ती दादाच्या मोजून घेतलेल्या श्वासांनी. आमचे वडील पन्नाशीच्या आत, खुर्चीत बसल्याबसल्या गेले. बदलीनंतर दादाला रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी रोज चालणं, प्राणायाम सांगितला. दादा पडला हेडक्लार्क. त्याने भिंतीवर चक्क हजेरीपट लावला होता: नमस्कार, चालणं, प्राणायाम असे रकाने आणि शेवटी सही. पाच मिनिटं उशीर झाला की स्वतःलाच लाल शाईने लेट मार्क. सही होईपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. वहिनी चहा झाकून गप्प उभी असे. मला हसू आलं आणि तिच्याकडे पाहून ते गेलंही.

रविवारी आम्ही तिघं मोठ्या तलावाच्या काठाने चालायला निघालो. जाण्याआधी पोहे-जिलेबी खाऊन घ्या, असं मी तुम्हाला सांगेन. दादाने आम्हाला खाऊ दिली नाही. निम्म्या वाटेत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. घड्याळ बघत, चडफडत तो दगडावर टेकला. वहिनी शेजारी बसली, मी जरा लांब. पाणी अगदी सपाट होतं. एक कोळी गुंतलेलं जाळं सोडवत होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. दादाचं घड्याळाकडे पाहणं कधी थांबलं, मला कळलं नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अगं, तुला इथं करमत नाही नं?"

"नाही," वहिनी म्हणाली. "पण आज विचारलंत."

घरी येऊन दादा पेन घेऊन हजेरीपटासमोर उभा राहिला. "बसलो, त्याला रकाना कोणता?"

"किरकोळ रजा टाक," मी म्हटलं.

तो हसला नाही. लाल शाईने 'गैरहजर' लिहून मोकळा झाला. मला त्याचा रागच आला. इतकं काही हाती लागलं आणि हा त्याला खाडा म्हणतो! सोमवारी पाचला पुन्हा तेच श्वास, तीच सही. मी आशा सोडली. मंगळवारी मात्र कचेरीतून आल्या आल्या तो वहिनीला म्हणाला, "चल, तलावावर जाऊन येऊ."

"आत्ता? चालायला?"

"नाही, नुसतं बसायला."

मला कोणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

नागपूरला परतताना मी त्यातलं सोपं तेवढं उचललं. नेमबिम नको, रोज थोडं निवांत बसायचं. आठवड्याभरात त्या बसण्यात आधी वर्तमानपत्र आलं, मग सुपारी, मग डुलकी. बसणं तेवढं राहून गेलं. दादाच्या हजेरीपटाला मी उगाच हसलो, असं तेव्हा वाटलं.

महिन्याने वहिनीचं पत्र आलं. हजेरी रोज लागते, तलावावर जाणं कधी होतं, कधी नाही, असं तिने लिहिलं होतं. पुढे होतं: "परवा गेलो होतो. हे म्हणाले, मला मरणाची फार भीती वाटते. मी म्हटलं, मलाही तुमच्याबद्दल तीच वाटते. मग अंधार पडेपर्यंत दोघं बसून होतो."