मागच्या सीटचं माप

धाकट्या लेकाला तिसरं मूल झालं तेव्हा तो मोबाईलवर मुलांच्या गाडीतल्या सीटा शोधत बसला होता. शेजारी शेजारी तीन मावल्या पाहिजेत, वर दारंही लागली पाहिजेत. टेप घेऊन बाहेर गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, जरा टोक धर गं." मी म्हटलं, हाताला पीठ लागलंय. हात ठणठणीत कोरडे होते. गाडीच्या मागच्या सीटचं माप मी आयुष्यात एकदाच घेतलंय. ते इतक्या हुशारीनं घेतलं, की पुन्हा टेपचं टोक धरायची छाती होत नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही पणदऱ्याला राहायचो. सासरे, म्हणजे आबा, उमेदीच्या वयात मेंढरांमागं उन्हातान्हात फिरलेले. पुढं ऊस आला, गाई आल्या, मुलगा, म्हणजे आमचे मालक, बारामतीच्या हायस्कुलात गणिताचे मास्तर झाले आणि दारात एक जुनी, छोटी, पांढरी चारचाकी उभी राहिली. आमच्याकडं नवी वस्तू दारात आली की पहिलं कुंकू घरच्या लेकीच्या हातचं, आणि लेक नसली तर लेकीच्या लेकीच्या हातचं. आबांनी नातीला उचललं, तिच्याकडून बॉनेटवर स्वस्तिक काढून घेतलं आणि खिडकीशी बसवलं. तिच्यानंतर माझी दोन पोरं. त्यांच्यानंतर मी, नव्या साडीत, नाक फुगवून.

ही नात म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी, सहा वर्षांची. नणंद इंदापुरात एकटीनं शिवणकाम करायची. दिवसभर मशीनवर, पोरीकडं बघायला कुणी नाही. म्हणून पोर आमच्याकडं. रोज मामाबरोबर बारामतीच्या शाळेत जायची आणि वर्गात पहिली यायची. माझा थोरला तेव्हा चार वर्षांचा. त्याला दहापर्यंत म्हणायला लावलं की सातावर त्याला शू लागायची. हे सगळं तिच्या हुशारीमुळंच होतंय अशी माझी पक्की समजूत होती. तेव्हाच्या त्या बाईला आज कुठं गाठलं असतं, तर मीच दोन धपाटे घातले असते.

त्यात शेजारच्या गुरुजींच्या घरी अमेरिकेहून फोटो आला. त्यांची दोन नातवंडं गाडीत उंच सीटांवर पट्ट्यांनी बांधलेली, जणू सिंहासनावर बसवलीत. झालं! माझ्या डोक्यात तेच. आपल्याकडं असलं काही विकत मिळत नव्हतं. पण बारामतीत कुशनवाला होता. प्लायवूड, फोम, वर रेक्झिन, आणि बांधायला बाजेची नवार. मालक म्हणाले, "करू की. तिघांना तीन. तेवढं माप घेऊन ठेव."

माप मी सुतळीनं घेतलं. या दारापासून त्या दारापर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली. मग तिथंच, कुणी बघत नाही असं बघून, गाठ सोडली आणि चार बोटं आत घेऊन परत मारली. तीन सीटांचं शेजारी शेजारी बसणं त्या चार बोटांत मोडलं. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही, रागाच्या भरातही नाही. गुणगुणत केलं.

भाचीला घेऊन आम्ही गाडीनं दुकानी गेलो. कुशनवाल्यानं सुतळीला टेप लावला. "पंचेचाळीस इंच. तिनात पंधरा-पंधरा. न्हाय जमायचं मास्तर, पोरगं बसायला सोळा तरी पायजेल."

मालक म्हणाले, "मग दोनच करा. भाची मोठी हाय, ती नुसती बसंल." आणि चहा सांगायला गेले.

कुशनवाला मात्र कामाचा माणूस. त्यानं स्वतःचा टेप गाडीला लावला आणि दुकानाच्या दाराशी येऊन मला हळूच म्हणाला, "ताई, गाडी अठ्ठेचाळीस भरती. सोळाच्या तीन बसत्यात की चपखल."

"सुतळी आखडली असंल," मी म्हटलं. "आणि मधी फट नको का? गाडी हलती. तुमी दोनच करा. ऐसपैस. वीस-वीसच्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भाचीकडं. ती फोमच्या गुंडाळीत बोट रुतवून ते परत वर येताना बघत होती. त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "रंग कुठला?"

"मामी, माझी निळी सांगा," भाची म्हणाली.

मी म्हटलं, "तू आता मोठी झालीस. मोठ्यांना न्हाय लागत सीट." ते तिला खरं वाटलं. ती टाचा उचलून उभी राहिली.

लाल रेक्झिनच्या दोन सीटा झाल्या. मध्ये उरली आठ इंच जागा. तिथं ना मोठं मावेना, ना लहान. मी तिथं डब्याची पिशवी ठेवली. भाची बसली खाली, पाय ठेवायच्या जागेत, आबांच्या जुन्या घोंगडीच्या तुकड्यावर. पुढं मांडीवर घ्यायचं मी म्हटलं नाही. साडीची इस्त्री मोडली असती ना.

तसेच आम्ही भाऊबीजेला इंदापूरला गेलो. रस्ताभर मालक विचारत होते, "नीट बसलीस का गं?" आणि खालून आवाज यायचा, "व्हय मामा."

नणंद दारात आली ती गळ्यात टेप अडकवूनच. सणाच्या दिवशीही कुणीतरी ब्लाउज न्यायला आलेलं. मी घाईघाईनं गाडीचं मागचं दार उघडलं. "वन्सं, बघा तरी! खास करून घेतल्या. तीन बसतच न्हवत्या ओ, लई बघितलं."

आतून तिची लेक रांगत बाहेर आली. उभी राहिली आणि परत बसली. "आई, पायाला मुंग्या आल्यात."

नणंदेनं तिला धरलं, पाय चोळला. मग गळ्यातला टेप काढला आणि त्याचं एक टोक माझ्याकडं केलं. "धरा वैनी."

मी धरलं. दुसरं काय करणार?

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. मग एका सीटवर टेप टाकला. "वीस." टेप बोटांना गुंडाळत ती एवढंच म्हणाली, "मी रोज पाऊण मीटर कापडात बाह्यांसकट ब्लाउज बसवते, वैनी."

मालक डिकीतून मिठाईचा पुडा काढत होते. त्यांचा हात तसाच राहिला. अठ्ठेचाळीस आणि पंचेचाळीस ही वजाबाकी गणिताच्या मास्तराला कुणी समजवावी लागत नाही.

तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होते, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तिनं भावाला ओवाळलं, माझ्या पोरांना ओवाळलं, मला आग्रह करून वाढलं. निघताना मात्र लेकीची पिशवी बाहेर आली नाही.

"ऱ्हाऊ दे तिला हितंच," ती म्हणाली. "हितल्या शाळेत घालते."

"अगं, पण तिकडची शाळा..." मालक म्हणाले.

"दादा, तुझ्यावर राग न्हाय."

पोर उंबऱ्यात उभी होती. "मामी, माझं कंपास तितंच ऱ्हायलं," एवढंच म्हणाली.

मी पुढच्या दाराला हात घातला. मालकांनी मागचं दार उघडून धरलं. "हितं बस. खाली."

"अहो, लोक बघत्यात."

"बघू दे."

बसले. तिशी ओलांडलेलं माझं धूड घोंगडीच्या तुकड्यावर, गुडघे हनुवटीला. तिथून खिडकी दिसत नाही. दिसतात पोरांच्या चपला, त्याही तोंडासमोर, आणि सीटांचं खालचं प्लायवूड. प्रत्येक खड्डा थेट पाठीत येतो. धाकटा झोपेत लाथा मारत होता. निमगावपर्यंत मी मोजलं, किती वेळा ती "व्हय मामा" म्हणाली असेल. पुढं मोजायचं सोडून दिलं. मी बसलीय का नीट, हे मालकांनी विचारलं नाही.

पणदऱ्याला आबा फाटकाशी उभे होते. गाडी थांबायच्या आत त्यांनी काचेतून आत वाकून बघितलं.

"पोर कुठाय?"

मालक माझ्याकडं बघत राहिले. ते मला बोलायला लावणार होते. आणि मी काय बोलले? दोन्ही गुडघे चोळत बाहेर आले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "आईला सोडवंना तिला, आबा. लई रडली. मग ठेवली तितंच."

मालकांनी दार आपटून लावलं आणि आत गेले.

आबांना ते पटलं. शेवटपर्यंत पटलेलंच होतं. आलेल्या-गेलेल्याला तेच सांगायचे, पोरीला आईचा लळा फार म्हणून. त्यांचं सांगणं मी कधी दुरुस्त केलं नाही, ते गेल्यावरही नाही. आज इथं लिहिलंय तेवढंच.

त्या संध्याकाळी मात्र ते गाडीच्या मागच्या दाराशी आले. लाल रेक्झिनवरून हात फिरवला, मधल्या जागेत वीत घालून बघितली आणि म्हणाले, "लई मोठी केलीस की गं शिटं. पुढच्या बारीला जरा बारीक कर. तिला बी पायजे एक."

"व्हय आबा," मी म्हटलं.