सीधा आणि शिधा

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. साफ खोटं. मला झाली तेव्हा जग जसंच्या तसं दिसत होतं. जगालाच मी पिवळी दिसत होते. टेंभुर्णीच्या बाजारात ओळखीची बाई भेटली की आधी माझे डोळे बघायची आणि मग हळहळायची. निजामाचं राज्य होतं, मी तिशीची होते आणि लोकांची हळहळ ऐकून घ्यायचा मला भारी कंटाळा.

राजूरकडच्या एका म्हाताऱ्याकडे लोक कावीळ उतरवायला जात. तो चुन्याच्या निवळीनं माझे हात धुवायचा. हातावरून पिवळं पाणी ओघळलं की म्हणायचा, "निघाली, निघाली." पैशाला शिवायचा नाही, शिधा मात्र घ्यायचा, पीठ, डाळ, गूळ. आमचे हे मला दर रविवारी गाडीत घालून न्यायचे. पाणी दर खेपेला पिवळं उतरायचं आणि मी दर खेपेला आणखी पिवळी होऊन परतायची. रोग हाल्याला अन् औषध पखालीला. रंगाचं एक वेळ सोडा, पण अंगाला अशी खाज सुटायची की रडू यायचं.

शेवटी जालन्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर हैदराबादेकडचे, त्यांची बोली दखनी. त्यांनी माझ्या हातातून रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं. लाल खाली बसलं आणि वर करडईच्या तेलासारखं पिवळं पाणी राहिलं. त्यात औषधाचे थेंब टाकताच ते झटक्यात जांभळं झालं. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, "सीधा आया ना, सीधा."

ह्यांना ऐकू आलं, शिधा आणा. उठले आणि चालू पडले. तासाभरानं उपरण्यात पीठ, तुरीची डाळ, गूळ आणि द्रोणात तूप घेऊन आले. सगळं डॉक्टरांच्या मेजावर, नळ्यांच्या शेजारी मांडलं आणि म्हणाले, "तूप घरचं न्हाई, पर चांगलं हाय." डॉक्टर कधी पिठाकडे बघत, कधी ह्यांच्याकडे. कंपाउंडर आपल्याच भागातला होता. त्यानं उलगडा केला तेव्हा डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मीही पोट धरून हसले.

मग कंपाउंडरच्या तोंडून त्यांनी समजावलं. रंग असा सीधा, म्हणजे लगेच आला, त्यात मला परसाकडेही शाडूसारखी पांढरट होत होती. तेव्हा पित्ताची वाट तुंबली असणार. पाटात दगड अडकला की पाणी मागं फिरतं, तसं पित्त रक्तात शिरलंय. पोट उघडून खडा काढावा लागेल, नाही काढला तर बाई जगणार नाही. मग त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली आणि हातात घड्याळ धरलं. रक्त थांबता थांबेना. म्हणून काही दिवस औषधाच्या सुया दिल्या, पुन्हा घड्याळ धरलं आणि एका कागदावर ह्यांचा अंगठा घेतला. काय लिहिलंय विचारलं तर हे म्हणाले, "काय न्हाई. नाव-गाव."

खडा निघाला, चिंचोक्याएवढा. त्यानंतर दर चार दिवसांनी माझं रक्त काढायचे. हे नळी मागून घ्यायचे, उजेडाला धरून बघायचे. वरचं पाणी फिकं होत गेलं. चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता बराबर आहे, घरी जा.

हे माझ्या खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "त्या कागदात लिव्हलं होतं, रक्त थांबलं न्हाई तर बाई टेबलावरच जाईल. मला वाचून दाखवलं होतं."

मला संताप आला. माझ्या जिवाचा कागद आणि मलाच पत्ता नाही.

"मंग मला विचारलं का न्हाई?"

"विचारायलाच आल्तो," हे खाली मान घालून म्हणाले. "पर तू न्हाई म्हणली असतीस तर मला सुटल्यावानी वाटलं असतं, अन् खडा तसाच ऱ्हाऊन तू गेली असतीस. त्याचंच भ्या वाटलं."

राग काही लगेच गेला नाही. पण ह्या माणसावर माझा खरा जीव जडला तो त्याच दिवशी, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर.