मनोरीचं छप्पर आणि तांब्याचे खिळे

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही. हे वाक्य मी त्या वर्षी निदान दोनशे वेळा तरी बोललो असेन, आणि ते आजही बरोबर आहे. माझं बाकीचं सगळं चुकलं.

ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. माझे वडील, अप्पा, गिरणीतून निवृत्त झाले आणि मनोरीला राहायला गेले. तिथे त्यांनी दोन खोल्यांचं बैठं घर बांधलं होतं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आई गेल्यानंतर मालाडच्या आमच्या खोलीत त्यांचा जीव रमेना. "माका खाऱ्या वाऱ्याची सवय आसा," म्हणायचे. अप्पांना होती, छपराला नव्हती. साध्या जस्ती पत्र्याचं ते छप्पर चार पावसाळ्यांत असं गंजलं की जेवताना भातावर तांबूस भुकटी पडायची. माझी बायको सुमन एकदा ते बघून आली आणि म्हणाली, "अहो, अप्पा मसालेभात खातायत असं वाटलं मला. नुसता भात होता तो."

छप्पर बदलायला हवं होतं, आणि ते कोणतं घालायचं हे ठरवायला घरात माझ्याइतका लायक माणूस नव्हता, असं माझं मत पडलं. मी अंधेरीला एका औषधांच्या कंपनीत खरेदी खात्यात कारकून होतो. (आमची खरेदी म्हणजे पुठ्ठ्याचे खोके, सुतळी आणि डिंक. पण खातं खरेदीचं होतं.) अप्पांना कौलं हवी होती. मी म्हटलं, भोवती चार माड आहेत, एकेक नारळ एकेक कौल घेऊन खाली येईल. अप्पा म्हणाले, "माका काय कळता? तुका कळता तसा कर." त्या वाक्यात जी धोक्याची सूचना होती ती मला ऐकू आली नाही.

मी शास्त्रशुद्ध पद्धतीने निघालो. तीन प्रकारच्या पत्र्यांचे तुकडे आणले: जस्ती, रंगवलेला लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमचा. सुमनच्या लोणच्याच्या तीन बरण्या रिकाम्या केल्या, त्यांत मिठाचं पाणी भरलं आणि एकेका बरणीत एकेक तुकडा बुडवून त्या खिडकीत मांडल्या. महिनाभर रोज सकाळी दात घासताना मी त्यांच्याकडे बघत उभा राहायचो.

"आंबे संपत आले बाजारातले," सुमन म्हणायची.

"प्रयोग संपू दे."

"लोणच्याऐवजी पत्रा वाढू का मग ताटात?"

शेजारच्या काकू एकदा वाटी घेऊन आल्या, बरणीत डोकावल्या आणि वाटी पदराखाली घेऊन परत गेल्या. पण महिन्याने निकाल स्पष्ट लागला. रंगवलेला तुकडा फुगला होता, जस्ती तुकडा कडेने तांबूस झाला होता आणि अ‍ॅल्युमिनियम, जरासा मळका पण धडधाकट, तसाच होता. मी ऑफिसात साहेबांनाही हे सांगितलं. त्यांचं उरणला समुद्राजवळ घर होतं. त्यांनी कागदावर टिपून घेतलं, तेव्हा माझी छाती दोन इंच वाढली.

मग प्रश्न आला तो खिळ्यांचा. पत्रा वाशांना ठोकायचा कशाने? कुर्ल्याच्या दुकानदाराने जस्त चढवलेले लोखंडी खिळे पुढे केले. मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. छप्पर गंजत नाही आणि खिळे मात्र गंजणारे? मी दोन दुकानं आणखी पालथी घातली आणि तांब्याचे खिळे मिळवले. तांबंही गंजत नाही, म्हणून साहेबांनाही त्यांच्या कागदावर 'खिळे तांब्याचे' असं लिहून घ्यायला लावलं. ते खिळे मी बरणीत घालून बघितले नाहीत, कारण तोवर बरण्यांत लोणचं पडलं होतं.

पत्रे मनोरीला न्यायचे म्हणजे मार्व्याहून होडीने. दहा फुटी पत्रे होडीत ठेवले आणि खाडीच्या मध्यावर वाऱ्याने वरचा पत्रा उचलला. नावाडी ओरडला, "बस त्याच्यावर." मी बसलो. वारा मलाही उचलायच्या बेतात होता. शेवटी दोन कोळिणींना माझी दया आली आणि त्या पाट्यांसकट पत्र्यांवर येऊन बसल्या. पलीकडे उतरलो तेव्हा पत्र्यांना आणि मला एकाच बोंबलाचा वास येत होता.

अप्पांच्या शेजारी पास्कूमामा राहायचे. आयुष्य मासेमारीत गेलेलं, स्वतःची बोट, बोलणं मोजकं. मिस्त्री पहिला पत्रा ठोकत होता तेव्हा ते कुंपणापाशी आले. खिळा हातात घेऊन फिरवून बघितला.

"तांबा हाय?"

"तांबं," मी अभिमानाने म्हणालो.

"अ‍ॅल्युमिनला तांबा नको लावू. दोघांचा पटत नाय."

"मामा, मी त्यांचं लग्न लावतोय का?"

"माझ्या बोटीवर अ‍ॅल्युमिनचा टोप होता. भोक पडला म्हणून तांब्याचा रिबिट मारला. खारा पाणी लागला. एका मोसमात टोप गेला, रिबिट राहिला."

"अहो, टोप रोज चुलीवर चढतो. छप्पर कुठे चढतंय चुलीवर?" मी म्हणालो. मिस्त्री हसला. पास्कूमामांनी खिळा परत दिला आणि ते घरी गेले. हा वाद मी जिंकला असं मला पुढचं दीड वर्ष वाटत होतं.

छप्पर सुंदर दिसत होतं. इतकं चकाकायचं की दुपारी समोरच्या घराने खिडकीला गोणपाट लावलं. पावसात आवाज असा व्हायचा की अप्पा खुणेने चहा मागायचे (कुणाकडे, ते विचारू नका, एकटेच राहायचे ते). पण गळत नव्हतं, गंजत नव्हतं. मी दर रविवारी जायचो आणि अंगणात उभा राहून वर बघायचो.

दुसऱ्या वर्षी अप्पा म्हणाले, "वरसून पांढरा कायतरी पडता."

"खारं वारं आहे ना, मीठ असेल."

"चाखून बघितलंय मी. खारट नाय."

मी म्हटलं, मग धूळ असेल. प्रत्येक खिळ्याभोवती पत्रा पांढरा पडून झडत चालला होता आणि भोकं मोठी होत होती, हे बघायला शिडीवर चढावं लागलं असतं. मी खालून बघणारा माणूस.

आणि मग ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी, मी आणि सुमन अप्पांकडे जेवायला बसलो असताना, वाऱ्याचा एक झोत आला. मोठं वादळ वगैरे नव्हतं. काजं सैल झालेला सदरा बटणांवरून निघावा तसा स्वयंपाकघरावरचा एक पत्रा खिळ्यांवरून अलगद निघाला, थोडा वेळ वर थबकला आणि निघून गेला. त्याच्या मागोमाग दुसरा. खिळे मात्र वाशांत ताठ उभे होते, नव्यासारखे. अप्पांनी वर आभाळाकडे बघितलं आणि वाटीतली सोलकढी संपवली. त्या पत्र्यांच्या वाटेत कुणी असतं तर?

मी धावत बाहेर गेलो. एक पत्रा माडाला मिठी मारून बसला होता. दुसरा पास्कूमामांच्या अंगणात, वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोरीखाली, आडवा पडला होता. कुणाला लागलं नव्हतं. पास्कूमामांनी पत्रा उचलला, त्यातल्या रुपयाएवढ्या भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवला काय रे?"

यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी अप्पांना विचारलं, "पास्कूमामा तेव्हा बोलले होते ते तुम्ही ऐकलं होतंत?"

"ऐकलंय तर. माकाय सांगल्यान त्याने."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"तू महिनोभर बरणीत पत्रे बुडवून बसलंस," अप्पा म्हणाले. "बापासाठी इतक्या हौसेन कोण करता? म्हटलंय, होऊं दे."

सुमनने मान वळवून घेतली. ती हसत होती की रडत होती हे मी विचारलं नाही.

अजून एक काम उरलं होतं. सोमवारी मी साहेबांच्या केबिनबाहेर अर्धा तास उभा राहिलो. उरणच्या घराला तांब्याचे खिळे मारायचा सल्ला माझाच. नोकरी गेली तर खोक्यांचा अनुभव कुठे कामाला येईल, याचाही विचार करून झाला. शेवटी आत जाऊन एका दमात सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "परब, मी तुमचा कागद मिस्त्रीला दाखवला होता. तो इतका हसला की शिडीवरून उतरला. मग त्याला हवे तेच खिळे मारले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

आपला सल्ला कुणी ऐकला नाही याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढच्या रविवारी, मी आणि सुमन तिथे असताना, छप्पर पुन्हा बसवलं. पत्रे तेच. त्यांचा काही दोष नव्हता, दोष कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. पास्कूमामा आणि अप्पा, दोघेही साठीच्या पुढचे, स्वतः वर चढले. जुन्या भोकांवर डांबर लावलं, नवी भोकं पाडली आणि ते कुर्ल्याचे जस्त चढवलेले खिळे, खाली डांबरी चकत्या घालून, ठोकले. मला कुणी काही विचारत नव्हतं. मी न राहवून म्हटलं, "मी काय करू?"

दोघांनी वरून एकमेकांकडे बघितलं. पास्कूमामा म्हणाले, "शिडी धर."

मी शिडी धरली. दोन मिनिटांनी अप्पा खाली वाकले आणि म्हणाले, "सुमन, तू पण धर गो एका बाजून."