कुंडीतला वाळा

इथे आखातात, फिंतासला पाचव्या मजल्यावर तुळस जगवणं म्हणजे तापल्या तव्यावर कोथिंबीर लावणं. माझ्या तीन तुळशी पहिल्याच उन्हाळ्यात गेल्या आणि दर वेळी सासूबाईंनी फोनवर एकच निदान केलं: माती परकी. मग सुट्टी संपवून गुहागरहून निघताना त्यांनी वृंदावनातली ओलसर माती चिवड्याच्या डब्यात भरून माझ्या बॅगेत कोंबली. विमानतळावर डबा कुणी उघडला नाही. चिवडा नेणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार?

चौथी तुळस धरली. महिन्याभराने पाणी घालताना सुतळीएवढं काळपट काहीतरी वळवळत वर आलं. मी कोकणातली, मला मातीतलं कोण शिकवणार? गांडूळ आहे, मी ठासून सांगितलं, मातीचा कस वाढवतं. शेजारणींनाही कौतुकाने बोलावून दाखवलं. लेकीने मात्र नाक कुंडीला लावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, वर्म्सना टंग नसते."

जीभ होती खरी. तो वाळा होता. कानात शिरतो म्हणून ज्याच्या धाकाने लहानपणी आम्ही कापसाचे बोळे घालून निजायचो, तोच साप. शेजारणी यायच्या बंद झाल्या.

लेकीने सगळी माहिती वाचून काढली. बिनविषारी, भुसभुशीत ओल्या मातीत राहणारा, मुंग्यांची अंडी खाणारा, डोळे नावापुरते. कुंड्यांच्या मातीतून देशोदेशी पोचलेला. शिवाय सगळ्या माद्याच; अंडी घालायला नर लागतच नाही. इकामा नावाचा राहण्याचा परवाना आमच्या घरात नसलेली ती एकटीच आणि सर्वांत निवांतही तीच. इकाम्याची मुदत संपत आली की नवऱ्याला जेवण जात नाही. हिची भूक कधी कमी झाली नाही.

मला मात्र तिच्यात मुद्दा सापडला. सासऱ्यांनी उमेदीची सगळी वर्षं इथेच एका खोलीत आठ जणांबरोबर काढली आणि सासूबाईंनी तिकडे एकटीने पोरं वाढवली. आता सासरे नाहीत, पोरं इथे आणि त्या पुन्हा एकट्या. मागच्या वर्षी न्हाणीत घसरून पडल्या, तेव्हा शेजारची बाई येईपर्यंत दोन तास तशाच पडून होत्या. तेव्हापासून गावाकडचा फोन मी पहिल्याच रिंगला उचलते. इकडे राहायला या म्हटलं की उत्तर ठरलेलं: जुनं झाड हलवलं की मरतं.

म्हणून मी व्हिडिओ कॉल लावून कुंडी दाखवली. तुमच्याच अंगणातली आहे, म्हटलं. एकटी आली, कुणाला न विचारता, आणि बघा कशी रमली. हिला नवरा लागत नाही, हेही सांगितलं. त्यावर त्या खुदकन हसल्या, म्हणाल्या, म्हणजे आमच्यातलीच की. मी मनातल्या मनात त्यांचं तिकीट काढून मोकळी झाले. त्याच भरात डोळे नावापुरतेच असतात, असंही बोलून बसले.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन कुंडी नीट पाहिली.

"तरीच गो. कुठं येऊन पडलीय ते तिला दिसतच नाय. मला अजून दिसतंय."