वास काढून आणलेलं पाणी

पाणी तपासायला आणणाऱ्यांशी मी फटकून वागते, हे मला ठाऊक आहे. कोणी शीतपेयाच्या बाटलीत अर्धंच पाणी आणतं, कोणी तेलाच्या डब्यात, आणि वर विचारतं, "चालते ना मॅडम?" मलकापुरातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत मी एकटीच, त्यामुळे चिडायचा हक्कही माझा एकटीचाच.

वरवट बकालकडचा तो शेतकरी मात्र बाटली लखलखीत घासून, काठोकाठ भरून घेऊन आला होता. त्याने सांगितलं ते असं: शेतातली बंद विहीर, तळाशी कुजलेलं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, सडक्या अंड्यांसारखा वास. तो आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून गाळ काढणार होते. अशा पाण्यातला गंधकाचा वायू हां हां म्हणता उडून जातो. म्हणून बाटलीत आधी जस्ताच्या क्षाराचे थेंब टाकायचे, विहिरीवरच पाणी भरायचं आणि बुडबुडाही न ठेवता झाकण लावायचं. मग वायू पाण्यातच बांधला जातो. हे मी स्वतः जाऊन करायला हवं होतं. तासाभराचा रस्ता, वर रणरणतं ऊन. मी कंटाळा केला. या वायूने चांदी काळी पडते; त्याच्या हातातलं चांदीचं कडं काळंठिक्कर पडलेलं दिसलं होतं, तेही मी अस्वच्छपणात जमा केलं. तपासताना स्टार्च घातलेलं पाणी आयोडीनच्या पहिल्याच थेंबाला निळं झालं; वायू असता तर त्याने तो थेंब खाऊन टाकला असता, म्हणजे वायू नाही. मी अहवालात लिहिलं, "आढळला नाही", आणि सही ठोकली.

चार दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, आज उतरून राह्यलो विहिरीत. कंदील सोडून पाह्यला, मस्त जळून राह्यला."

मी सहज म्हटलं, बाटली फार स्वच्छ आणली होतीत.

"मंग काय! वास काढूनच आणलं व्हतं पानी. दिवसभर परातीत उघडं ठेवलं, चार डाव वरखाली केलं, मंग भरलं. तुमच्या टेबलावर असं घान पानी कसं ठेवावं?"

तो आदरापोटी नेमकं तेच सोडून आला होता, जे मी शोधत होते.

"उतरू नका!" मी ओरडले.

"काऊन?" त्याने विचारलं आणि फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

मी गाडी काढली. वाटेत किती वेळा ती विहीर डोळ्यांपुढे आली, सांगता येणार नाही.

शेताच्या धुऱ्यावर, बांधाशीच वासाने नाक झिणझिणलं. विहिरीच्या काठाशी गेले आणि तिसऱ्या श्वासाला वासच येईना. पाखरू नाही, बेडूक नाही, पाण्यावर एक चिलटही नाही. खाली कंदील शांत जळत होता. थोरला भाऊ कमरेला दोर बांधून, पाय आत सोडून काठावर बसला होता. दोराचं दुसरं टोक धाकट्याच्या हातात.

"तुम्ही उतरू नका म्हनलं, म्हनून बसलो," थोरला म्हणाला. "पन पाहा, इथं तं वास येतच नाही."

खरंच येत नव्हता, आणि तेच धोक्याचं होतं. हा वायू वाढला की आधी नाकच मारतो. मी दोघांना ओढूनच वारा येत होता त्या बाजूच्या काठाला नेलं. मग शिशाच्या क्षारात भिजवलेला पांढरा कागद दोऱ्याला बांधून तिकडूनच आत सोडला, पार कंदिलापर्यंत. वर ओढला तेव्हा तो काळा झाला होता. म्हणजे खाली वायू भरलेला होता.

"कंदील तं जळूनच राह्यला ना?" थोरला हळूच म्हणाला.

"त्याला तेवढ्याने काही होत नाही. माणूस मात्र दोन-चार श्वासांत पडतो." हे सांगताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

धाकट्याने अजून दोर सोडला नव्हता.

"म्हंजे भाऊ खाली पडला असता, तं मले वरून कंदिलाच्या उजेडात दिसला असता."

"हो."

"मंग मी त्याले काढाले उतरलोच असतो ना."