येतो म्हणून गेलेले

पिंपळवंडीजवळ हायवेला एक हॉटेल आहे. तिथला मॅनेजर मला रोज सकाळी चहाच्या निमित्ताने भेटतो. माणूस मोठा श्रद्धाळू. वेटर 'येतो' म्हणून गेला की तो परत येणारच, असं त्याला मनापासून वाटतं.

"कालचा वेटर दिसत नाही?" मी विचारतो.

"येतो म्हणून गेलाय, राव. येईल की."

असे 'येतो' म्हणून गेलेले सगळे एकदम परतले, तर गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची उरणार नाही. आचारी भावाच्या लग्नाला म्हणून गेला. त्या नवरदेवाचा पोरगा आता बालवाडीत जातो.

"आमी मालक-नोकर मानत न्हाई, भाऊ. एक फॅमिली हाय," असं मॅनेजर छाती फुगवून सांगतो. खरं आहे. कुणी सुट्टी मागितली, तर शिव्याही तो अगदी घरच्यासारख्या देतो.

मध्यंतरी पुण्याला कसलंसं ट्रेनिंग घेऊन आला आणि त्याने भिंतीवर फ्रेम लावली: 'महिन्याचा उत्तम कर्मचारी'. अट एकच, माणूस महिनाभर टिकलेला हवा. फ्रेम अर्थातच रिकामी राहिली.

काल बघतो तर फ्रेममध्ये माझा फोटो!

"अहो, मी गिऱ्हाईक आहे!" मी ताडकन उठून म्हणालो.

"असू द्या की. रोज येता. सुट्टी न्हाई, तक्रार न्हाई. लई आधार वाटतो. आता उठलाच हाय, तर त्या टेबलावर जरा फडकं मारता का?"

मी फडकं मारलं, उरलेला चहा संपवला आणि हसून म्हणालो, "येतो."